एकाचा ब्लॉक, दुसऱ्याचा क्रँक : दोन इंजिनांचं एक इंजिन कसं बनतं?

तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजमध्ये हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. एका इंजिनचा ब्लॉक चांगला आहे, पण क्रँक गेलाय. भंगारात पडलेल्या दुसऱ्या इंजिनचा क्रँक ठणठणीत आहे, पण त्याचा ब्लॉक फुटलाय. मग दोन्हींचं मिळून एक इंजिन उभं करता येईल का?

सरळ उत्तर द्यायचं तर, हो, येतं. जगात असली हजारो इंजिनं बनलीत. एवढंच कशाला, मोठ्या मोटार कंपन्यांनी स्वतःच्या कारखान्यातसुद्धा हेच केलंय. पण ज्यांचं जमलं आणि ज्यांचं इंजिन पहिल्याच आठवड्यात फुटलं, त्यांच्यात फरक एकाच गोष्टीचा असतो, तो म्हणजे मोजमापाचा. बोल्ट बसला म्हणजे पार्ट बसला, असं इंजिनात नसतं. आज आपण हेच खरी उदाहरणं आणि खरे आकडे घेऊन समजून घेऊ.

आधी शब्दाचा घोळ मिटवू

आजकाल 'हायब्रिड' म्हटलं की पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी डोळ्यांसमोर येते. इथे विषय तो नाही. वेगवेगळ्या इंजिनांचे पार्ट एकत्र करून बनवलेल्या इंजिनलाही जुन्या काळापासून हायब्रिड म्हणतात. अमेरिकेतले मेकॅनिक गमतीने त्याला 'फ्रँकन-मोटर' म्हणतात. गोष्टीतल्या फ्रँकेन्स्टाइनने वेगवेगळ्या देहांचे तुकडे जोडून एक प्राणी उभा केला होता, त्यावरून हे नाव पडलं. आपण त्याला मिसळ इंजिन म्हणू.

बोअर आणि स्ट्रोक : सगळा खेळ या दोन मापांचा

सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर. पिस्टन वरून खाली जितका सरकतो ते अंतर म्हणजे स्ट्रोक. बोअर ब्लॉकमध्ये असतो आणि स्ट्रोक क्रँक ठरवतो. सायकलचं पायडल आठवा. पायडलची दांडी जितकी लांब, तितका पाय जास्त वरखाली होतो. क्रँकचंही तसंच आहे.

म्हणजे ब्लॉक एका इंजिनचा आणि क्रँक दुसऱ्याचा घेतला, तर बोअर एकाचा आणि स्ट्रोक दुसऱ्याचा मिळतो, आणि इंजिनची सीसी बदलते. मिसळ इंजिनमागची मूळ कल्पना एवढीच आहे.

कंपनीनेच केलेली मिसळ : शेव्हरले ३०२

अमेरिकेत १९६६ साली ट्रान्स-ॲम नावाची मोटार शर्यत सुरू झाली. तिचा नियम असा होता की इंजिन ३०५ घन इंचांपेक्षा, म्हणजे साधारण ५००० सीसीपेक्षा मोठं नको. शेव्हरले कंपनीला या शर्यतीत आपली नवी कॅमेरो गाडी उतरवायची होती. कंपनीकडे दोन इंजिनं तयार होती. एक २८३ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ४६४० सीसी. हे नियमात बसत होतं, पण लहान पडत होतं. दुसरं ३२७ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ५३५० सीसी. हे ताकदवान होतं, पण नियमाबाहेर जात होतं.

कंपनीतले व्हिन्स पिगिन्स यांनी या गाडीच्या योजनेचा पाठपुरावा केला आणि मधला मार्ग निघाला. ३२७ च्या ब्लॉकचा ४ इंची (१०१.६ मिमी) बोअर घेतला आणि २८३ च्या क्रँकचा ३ इंची (७६.२ मिमी) स्ट्रोक घेतला. आठ सिलिंडरचा हिशेब झाला ३०२ घन इंच, म्हणजे सुमारे ४९४० सीसी. नियमाच्या काठावर, पण आतच!

१९६७ च्या कॅमेरो झी-२८ मॉडेलमध्ये हे इंजिन आलं. पहिल्या वर्षी अशा फक्त ६०२ गाड्या बनल्या. कागदावर ताकद २९० अश्वशक्ती दाखवली होती. बोअर मोठा असल्याने मोठे व्हॉल्व्ह मोकळेपणी श्वास घेत होते, आणि स्ट्रोक आखूड असल्याने इंजिन जास्त आरपीएम सहन करत होतं. १९६८ आणि १९६९ अशी सलग दोन वर्षं कॅमेरोने ट्रान्स-ॲम जिंकली.

हे जमलं कसं? २२८.६ चं गणित

शेव्हरलेची ही सगळी इंजिनं एकाच कुळातली होती. १९५५ च्या मॉडेलपासून आलेल्या या 'स्मॉल ब्लॉक' कुळात दोन शेजारच्या सिलिंडरच्या मध्यातलं अंतर ४.४ इंच (१११.८ मिमी) कायम ठेवलं होतं. ब्लॉकची उंचीही ठरलेली होती. क्रँकच्या मध्यापासून हेड बसतं त्या पृष्ठभागापर्यंत सुमारे २२९.२ मिमी.

आता पिस्टन वर किती येणार, हे तीन मापांच्या बेरजेवर ठरतं. स्ट्रोकचा अर्धा भाग, कनेक्टिंग रॉडची लांबी, आणि गजन पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचं अंतर. या बेरजेकडे नीट बघा :

३०२ इंजिन : ३८.१ + १४४.८ + ४५.७ = २२८.६ मिमी

३२७ इंजिन : ४१.३ + १४४.८ + ४२.५ = २२८.६ मिमी

३५० इंजिन : ४४.२ + १४४.८ + ३९.६ = २२८.६ मिमी

स्ट्रोक वाढला तसा पिस्टन कमी उंचीचा केला, पण बेरीज एकच राहिली. २२९.२ मधून २२८.६ गेले की ०.६ मिमी उरतात. पिस्टन ब्लॉकच्या काठापेक्षा तेवढाच खाली थांबतो. लग्नाआधी पत्रिका जुळवतात ना, तशी ही इंजिनची पत्रिका. ही बेरीज केल्याशिवाय कुठलाही क्रँक कुठल्याही ब्लॉकमध्ये टाकायचा नाही.

गॅरेजवाल्यांची मिसळ : ३८३

आता कंपनीने नव्हे, तर गॅरेजवाल्यांनी लोकप्रिय केलेलं इंजिन बघू. १९७० मध्ये शेव्हरलेने याच कुळात ४०० घन इंचांचं इंजिन आणलं. त्याचा स्ट्रोक होता ९५.२५ मिमी. पण बोअर इतका मोठा होता की शेजारच्या सिलिंडरच्या भिंती एकमेकींना चिकटल्या आणि मधून पाणी फिरायला जागाच उरली नाही. दुसरीकडे, ३५० चे ब्लॉक बाजारात भरपूर होते. मेकॅनिक लोकांनी विचार केला, ४०० चा क्रँक ३५० च्या ब्लॉकमध्ये टाकला तर?

३५० चा ब्लॉक ०.०३० इंच (०.७६ मिमी) ओव्हरसाइज बोअर केला आणि ४०० चा क्रँक टाकला, की इंजिन होतं ३८३ घन इंचांचं. सुमारे ५७३० सीसीवरून थेट ६२७० सीसी! ऐकायला सोपं आहे. आता अडचणी एकेक करून बघा.

पहिली अडचण, क्रँक बसतच नाही. क्रँक ब्लॉकमधल्या बेअरिंगवर ज्या गोल भागावर फिरतो, त्याला मेन जर्नल म्हणतात. ४०० चं मेन जर्नल ६७.३ मिमी जाडीचं आणि ३५० च्या ब्लॉकमध्ये जागा ६२.२ मिमीच्या जर्नलची. म्हणून क्रँक ग्राइंडिंग मशीनवर तब्बल ५.१ मिमी उतरवावा लागतो.

दुसरी अडचण तीच बेरजेची. ४०० चा क्रँक टाकून ३५० चाच रॉड आणि ३५० चाच पिस्टन ठेवला तर ४७.६ + १४४.८ + ३९.६ = २३२ मिमी होतात. ब्लॉक २२९.२ चा. म्हणजे पिस्टन २.८ मिमी वर डोकावणार. हेड गास्केट दाबल्यावर साधारण १ मिमीचं उरतं. पिस्टन सरळ हेडवर आदळणार. यावर दोन उपाय निघाले. एक, ४०० चा आखूड रॉड (१४१.४ मिमी) वापरायचा. ४७.६ + १४१.४ + ३९.६ करा, पुन्हा २२८.६! दुसरा, रॉड ३५० चाच ठेवून कमी उंचीचा खास पिस्टन घ्यायचा.

तिसरी अडचण, आत जागा कमी पडते. लांब स्ट्रोकमुळे रॉडचे बोल्ट मोठा फेरा घेतात आणि ब्लॉकच्या खालच्या कडेला घासतात. काही वेळा कॅमशाफ्टलाही लागतात. तिथे ब्लॉक थोडा घासून जागा करावी लागते. जास्त घासलं तर पाण्याच्या जॅकेटला भोक पडतं आणि ब्लॉक भंगारात जातो.

चौथी अडचण बॅलन्सिंगची. ३५० चा क्रँक स्वतःच्या वजनानेच बॅलन्स होता. ४०० च्या क्रँकला बॅलन्ससाठी त्याचाच वजनदार फ्लायव्हील आणि पुढची पुली-डॅम्पर लागायची. फ्लायव्हील ३५० चं लावलं की इंजिन थरथरतं, आणि ही थरथर हळूहळू बेअरिंग आणि क्रँक खाते.

पाचवी अडचण कॉम्प्रेशनची, आणि ही डोळ्यांना दिसतच नाही. ३५० च्या एका सिलिंडरमध्ये ७१७ सीसी आणि ३८३ च्या एका सिलिंडरमध्ये ७८४ सीसी. समजा पिस्टन वर आल्यावर हेडमध्ये उरणारी जागा दोन्हीकडे ८५ सीसी आहे. पहिल्याचं कॉम्प्रेशन सुमारे ९.४ येतं, दुसऱ्याचं १०.२. आपण हेडला हातसुद्धा लावला नाही, तरी कॉम्प्रेशन वाढलं. साध्या पेट्रोलवर असं इंजिन नॉक करू शकतं, आणि नॉकिंग चालू राहिलं की पिस्टन वितळून भोक पडायला वेळ लागत नाही.

या पाचही अडचणी सोडवणाऱ्यांची ३८३ इंजिनं वर्षानुवर्षं चालली. ज्यांनी एखादी सोडून दिली, त्यांचा खर्च दुप्पट झाला.

हेड दुसऱ्याचं लावलं तर? होंडाचं उदाहरण

मिसळीचा दुसरा प्रकार म्हणजे खालचा ब्लॉक एका इंजिनचा आणि वरचं हेड दुसऱ्याचं. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण होंडाच्या 'बी' कुळातलं आहे. अमेरिकेतल्या तरुण मेकॅनिकांनी बी-१८-बी इंजिनचा ब्लॉक घेतला आणि त्यावर बी-१६-ए इंजिनचं व्हीटेक हेड बसवलं. दोन्हींचा बोअर ८१ मिमीच. स्ट्रोक मात्र वेगळा : बी-१८-बी चा ८९ मिमी (१८३४ सीसी) आणि बी-१६-ए चा ७७.४ मिमी (१५९५ सीसी). मोठ्या इंजिनची सीसी आणि चांगल्या हेडचा श्वास, दोन्ही एकत्र मिळवायचं होतं.

हेडचे बोल्ट बसतात, पण खरी अडचण ऑइलची. व्हीटेकमध्ये ऑइलच्या प्रेशरने एक पिन सरकते, रॉकर एकमेकांत अडकतात आणि व्हॉल्व्ह जास्त उघडतात. त्यासाठी हेडला वेगळा ऑइलचा रस्ता हवा, आणि बी-१८-बी च्या ब्लॉकमध्ये तो रस्ताच नाही. म्हणून बाहेरून ऑइलची वेगळी नळी टाकावी लागते, हेडमधली एक वाट बंद करावी लागते, आणि हेड नेमकं जागेवर बसवणाऱ्या डॉवेल पिनांचं माप जुळवावं लागतं.

एवढं करूनही एक धोका उरतो. व्हीटेक हेड असलं की चालवणारा आरपीएम ८००० पर्यंत ताणतो. पण खालचा लांब स्ट्रोकचा भाग तेवढ्यासाठी बनवलेला नाही. ८००० आरपीएमला ७७.४ मिमी स्ट्रोकचा पिस्टन सरासरी २०.६ मीटर प्रतिसेकंद वेगाने पळतो. ८९ मिमीवाला २३.७ मीटरने. प्रत्येक फेऱ्यात तो पूर्ण थांबतो आणि उलटा फिरतो. हा झटका सगळा रॉडच्या बोल्टवर येतो. जुने बोल्ट तसेच ठेवले तर रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. म्हणून जाणकार आधी रॉडचे बोल्ट बदलतात, मग आरपीएम वाढवतात. हेड कितीही भारी असो, इंजिन त्याच्या सर्वांत कमजोर पार्टइतकंच मजबूत असतं.

जोडण्याआधी काय तपासायचं?

वरची उदाहरणं अमेरिकेतली असली तरी धातूचे नियम सगळीकडे सारखेच. इंजिन जीपचं असो, ट्रॅक्टरचं असो की पाण्याच्या पंपाचं, दोन इंजिनांचे पार्ट एकत्र करण्याआधी एवढं बघाच :

१. दोन्ही इंजिनं एकाच कुळातली आहेत का? कंपनी एक असली तरी कुळ वेगळं असू शकतं. सिलिंडरमधलं अंतर आणि हेडच्या बोल्टची जागा मोजा.

२. अर्धा स्ट्रोक, रॉड आणि पिस्टनची उंची यांची बेरीज करा आणि ती ब्लॉकच्या उंचीशी ताडून बघा.

३. जर्नल मायक्रोमीटरने मोजा, नुसत्या व्हर्नियरवर विसंबू नका. बेअरिंगमध्ये ऑइलसाठी फट हवी. ढोबळ हिशेब असा की ५० मिमीच्या जर्नलला साधारण ०.०५ मिमी. नेमका आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्येच बघायचा.

४. हेड गास्केट आधी ब्लॉकवर ठेवा, मग हेडवर ठेवा. पाण्याचं आणि ऑइलचं प्रत्येक भोक दोन्हीकडे जुळतंय का बघा. एक भोक बंद राहिलं तरी हेड तापून वाकतं.

५. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली मऊ माती लावा, हेड जुन्या गास्केटसह बसवा, टायमिंग लावा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. हेड काढून दबलेल्या मातीची जाडी मोजा. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये किती जागा आहे ते कळतं. फिरवताना कुठे अडकलं तर जोर लावू नका. तिथे काहीतरी आदळतंय.

६. क्रँक, फ्लायव्हील आणि पुढची पुली वेगवेगळ्या इंजिनांची असतील तर बॅलन्सिंग करून घ्या.

७. नवीन कॉम्प्रेशन किती होतं याचा हिशेब कागदावर मांडा.

डिझेलवाल्यांनी जास्त जपायचं

आपल्याकडे ट्रॅक्टर, जीप, पंप, बहुतेक इंजिनं डिझेलची. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतो, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. त्यामुळे कॉम्प्रेशन पेट्रोलपेक्षा बरंच जास्त आणि पिस्टन-हेडमधली जागा अगदी थोडी. पुष्कळ डिझेल इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या काठापेक्षा किंचित वर येतो. तो किती वर येतो हे डायल गेजने मोजून त्यानुसार कमी-जास्त जाडीचं गास्केट निवडायचं असतं. दुसऱ्या इंजिनचा पिस्टन किंवा रॉड टाकला आणि जुन्याच जाडीचं गास्केट बसवलं, तर अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने व्हॉल्व्ह वाकतात. उलट चूक झाली तर थंडीत सकाळी इंजिन चालूच होत नाही, आणि दोष बिचाऱ्या बॅटरीला मिळतो.

कायदा काय सांगतो?

रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा फक्त मेकॅनिकचा विषय राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही आरसीवर असतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत बदल केलेल्या गाड्यांबाबत हीच भूमिका घेतली. कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी दावा अडवू शकते, ते वेगळंच. त्यामुळे ब्लॉक किंवा पूर्ण इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओ कार्यालयात विचारा, मग गॅरेजला गाडी लावा. जुना ब्लॉक विकत घेताना त्यावरचा नंबर आणि पावती बघा. चोरीच्या गाडीचा ब्लॉक निघाला तर पोलिस ठाण्याच्या चकरा तुम्हालाच माराव्या लागतील.

शिकायचंच असेल तर जागेवर चालणाऱ्या जुन्या इंजिनवर शिका. त्याला आरसी नसते, आणि चूक झाली तर रस्त्यावर कुणाचा जीव जात नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल आणि मेकॅनिक मोटार व्हेईकल हे कोर्स आहेत. मायक्रोमीटर आणि डायल गेज हातात धरायला तिथे शिकवतात.

शेवटी एवढंच

खर्चाचा हिशेबही आधी मांडा. भंगारातला क्रँक स्वस्तात मिळतो, पण ग्राइंडिंग, बोअरिंग, बेअरिंग, पिस्टन आणि बॅलन्सिंग धरलं की कित्येकदा त्याच इंजिनचा नवा क्रँक परवडतो. शेव्हरलेच्या ३०२ मागे शर्यतीचा नियम होता, ३८३ मागे मुबलक मिळणारे ब्लॉक होते. आपल्या मिसळीमागे कारण काय, हे स्वतःला विचारा. 'दोन्ही घरात पडून होते म्हणून' एवढंच उत्तर असेल, तर पाना उचलायच्या आधी मायक्रोमीटर उचला, आणि वही-पेन घेऊन ती तीन आकड्यांची बेरीज करा. बेरीज जुळली तर पुढचं काम सुरू करा. नाही जुळली, तर तुमचे पैसे तिथेच वाचले.